नाचाचा तास शाळेला विकत घ्यायचा असेल तर: जळगावच्या एका फिरत्या सेवेचा लेखाजोखा

खानदेशातल्या बहुतेक शाळांना नाच आठवतो तो दिवाळीची सुट्टी संपल्यावर. गॅदरिंगची तारीख ठरते, 'डान्सवाले सर' येतात, महिनाभर हॉलमध्ये स्पीकर वाजतो आणि कार्यक्रम उरकला की सगळं पुढच्या वर्षापर्यंत कपाटात. जळगावातून चालणारी एक सेवा मात्र वेगळीच गोष्ट विकते. आठवड्याला एक तास, एका तुकडीला पंधरा तास, तिसरी ते आठवीसाठी, आणि शेवटी कार्यक्रम नाही. प्रशिक्षक शाळेत येतो, सामान तोच आणतो. माहितीपत्रकात याला 'क्रिएटिव्ह मूव्हमेंट' म्हटलंय. शिक्षक 'नाचाचा तास' म्हणतात आणि पोरं नुसतंच 'हलगीचा तास'. सेवेचं नाव इथे दिलेलं नाही. अशी कामं करणारे आणखीही आहेत आणि खालचे निकष कुणालाही लावता येतील.

आधी पैशाचं बोलू. दर तासाला 600 रुपये, म्हणजे तुकडीमागे 9,000. शहराबाहेर प्रवासखर्च वेगळा. तो आधी लेखी घ्यावा, कारण एसटीचं तिकीट आणि मोटरसायकलचं पेट्रोल यांत बरंच अंतर पडतं. चाळीस मुलांची तुकडी धरली तर विद्यार्थ्यामागे 225 रुपये. हीच मंडळी गॅदरिंगचं एक गाणं बसवायचे 4,000 घेतात. त्यात साधारण बारा मुलं नाचतात, म्हणजे विद्यार्थ्यामागे 333, शिवाय ड्रेसचं भाडं पालकांच्या खिशातून. संस्थाचालकांसमोर हा हिशेब मांडला की पुढची चर्चा सोपी जाते.

तासात नेमकं काय होतं

तासिका चाळीस मिनिटांची असली तरी चपला काढणं, रांग आणि हजेरी यांत सात-आठ मिनिटं जातात. हातात बत्तीस उरतात हे धरूनच प्रशिक्षकाने आखणी केलेली असते, ही या सेवेची पहिली जमेची बाजू. पाच मिनिटं गोलात अंग मोकळं करणं. मग सात मिनिटं नुसती चाल: हलगी वाजते तोवर खोलीभर चालायचं, कुणाला धक्का लावायचा नाही, थाप थांबली की आहे तिथे गोठायचं. पुढची बारा मिनिटं त्या दिवसाच्या विषयाची, पाच मिनिटं गटात रचना करायला, आणि शेवटची तीन मिनिटं रचना दाखवून दोन वाक्यांत बोलायला.

पंधरा तासांचा आराखडा हालचालीच्या चार प्रश्नांवर उभा आहे: शरीर काय करतं, कुठे करतं, कसं करतं आणि कुणाबरोबर करतं. ही चौकट नृत्य आणि हालचालीचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान (1879–1958) यांच्या विचारातून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या शाळांत नाच शिरला तो बराचसा त्यांच्या मांडणीमुळे. पहिले तीन तास शरीराचे: खांद्याने लिहा, कोपराने नाव काढा, गुडघा पुढे नेतोय आणि बाकीचं अंग मागून येतंय. नंतरचे तीन जागेचे, म्हणजे खालची, मधली, वरची पातळी आणि सरळ, वळणाच्या, नागमोडी वाटा. मग तीन जोर, वेग आणि ओघाचे. मग तीन जोडीचे, आरसा आणि सावली हे खेळ त्यातलेच. उरलेले तीन रचनेचे.

ऐकायला हे फारच शास्त्रीय वाटतं. प्रत्यक्षात सातव्या-आठव्या तासाला काय होतं ते पाहण्यासारखं आहे. विषय असतो कापूस वेचणी. हे काम ज्यांच्या घरात दर हिवाळ्यात चालतं अशी पोरं वर्गात असतातच, त्यामुळे प्रशिक्षकाला नक्कल करून दाखवावी लागत नाही, आणि तो दाखवतही नाही. तो विचारतो, बोंडाला हात कसा जातो? पोरं सांगतात: बोंड उकललं की पाकळ्यांची टोकं सुकून टोचतात, म्हणून मूठ घालायची नाही, तीन बोटं घालायची आणि सरकीसकट कापूस एका झटक्यात ओढायचा. मग त्याचे आठ मात्रांत तुकडे पडतात. एक-दोनला कमरेतून झुकायचं, तीनला बोटं बोंडापाशी, चारला ओढ, पाचला मुठीत धरायचं, सहा-सातला कमरेच्या फडक्यात टाकायचं, आठला पुढच्या झाडाकडे वळायचं. इथपर्यंत ही निव्वळ नक्कल असते, आणि गॅदरिंगचा कोरिओग्राफर इथेच थांबून वर गाणं लावेल.

पुढचं काम खरं. तेच आठ तुकडे आता निम्म्या वेगाने. मग फडकं ओलं आणि जड झालंय असं धरून. मग फक्त 'ओढ' उरवायची, पण ती गुडघ्याने करायची. मग पाठीला पाठ लावून जोडीने, एक झुकला की दुसरा उठेल असं. दहा-बारा मिनिटांत वेचणी ओळखू येईनाशी होते आणि तिच्यातला झटका, झुकाव आणि पुनरावृत्ती एवढंच उरतं. पोरांना त्याला नाव द्यायला सांगतात. कुणी 'वजन' म्हणतं, कुणी 'संध्याकाळ'. शाळेत हालचालीच्या कलेची किंमत करायची तर इथे करावी. ओळखीच्या कामातून पोरगं एक रचना काढतं, ती बदलतं, दुसऱ्याशी जुळवतं आणि शेवटी तिच्याबद्दल बोलतं. भाषेच्या तासाला निबंधात आपण हेच मागतो आणि पाठ केलेला निबंध मिळतो.

रावेर-यावलकडच्या शाळांत वेचणीऐवजी केळीचा घड घेतात. तिथे खांदा, मान आणि पावलांचा तोल हा विषय निघतो. प्रशिक्षक स्थानिक काम विचारून घेतो की छापील यादीतलं 'समुद्राची लाट' घेऊन बसतो, यावरून माणूस ओळखावा. या सेवेतले दोन प्रशिक्षक पहिल्या प्रकारचे आहेत, तिसरा अजून लाटेतच आहे. त्यामुळे करार करताना सेवेचं नाव पुरत नाही, कोण येणार ते लिहून घ्यावं.

खोली, फरशी आणि पोरांची संख्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. वीस बाय पंचवीस फुटांची वर्गखोली म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर. हात पसरून फिरायला एका मुलाला किमान अडीच चौरस मीटर लागतात. म्हणजे बाकडी बाहेर काढली तरी एका वेळी अठरा-वीसच पोरं हलू शकतात. साठची तुकडी आत कोंबली की पहिल्या पाच मिनिटांत कपाळावर कपाळ आपटतं, मग शिक्षक छडी घेऊन उभे राहतात आणि तास पी.टी. होऊन बसतो. सेवेचा उपाय बरा आहे: तीन गट करायचे, एक हलतो, दुसरा ताल धरतो आणि तिसरा पाहतो. पाहणाऱ्यांना काम दिलेलं असतं, 'कोण सगळ्यात खाली गेलं?', 'कुणाची वाट नागमोडी होती?' गट दर सात-आठ मिनिटांनी बदलतात. मात्र साठच्या तुकडीत एका पोराच्या वाट्याला प्रत्यक्ष हालचाल दहा मिनिटंच येते, हे माहितीपत्रकात कुठे लिहिलेलं नाही. शक्य असेल तर तुकडी अर्धी करून दोन आठवडे आलटून-पालटून घ्यावी.

फरशी कोटा किंवा शहाबादी असेल तर अनवाणीच, मोजे अजिबात नकोत. चकचकीत टाइल्सवर मोजा घातलेलं पोरगं थांबायच्या खुणेला थांबतच नाही. सतरंजी अंथरू नये. ती सरकते, तिच्या घडीत अंगठा अडकतो, आणि खाली लोळायच्या हालचालींत तिच्यातली धूळ थेट नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसलेली आणि वाळलेली फरशी सगळ्यात चांगली. पेव्हर ब्लॉकच्या पटांगणात चाल आणि वाटांचे तास होतात, खालच्या पातळीचे नाहीत, गुडघे सोलतात. काळ्या मातीच्या मैदानावर पाऊस पडून गेल्यावर चार दिवस विसरायचं.

वेळही जपायची. पोषण आहाराची खिचडी झाल्यावर निदान तासभर हा तास ठेवू नये. मार्चनंतर पत्र्याच्या शेडखाली तर नकोच. जळगाव-भुसावळकडे एप्रिलमध्ये पारा 42 च्या पुढे जाणं नवं नाही, आणि सकाळसत्रातही दहानंतर पत्रा तापतो. पाणी तासाआधी आणि मध्ये एकदा, मागितलं तर कधीही.

नंदुरबार आणि शिरपूर पट्ट्यातल्या आश्रमशाळांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. सातपुड्यातल्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. अशा मुलाला अंगातलं पाणी कमी होणं आणि दमछाक होणं दोन्ही घातक. हातापायांत तीव्र कळा सुरू होऊ शकतात. म्हणून त्याला तासातून काढायचं नाही, पण 'जोरात, अजून जोरात' हा प्रकार त्याच्यासाठी नाही. संथ हालचाल, हवी तेव्हा बसायची मुभा, पाणी, आणि दुखतंय म्हटलं की लगेच थांबून आरोग्य तपासणी. सेवेच्या आरोग्यविषयक अर्जात दमा आणि फिट्सचा रकाना आहे, सिकलसेलचा नाही. ही कमतरता साधी नाही. तो रकाना शाळेनेच हाताने वाढवावा आणि यादी प्रशिक्षकाच्या हातात द्यावी.

सामान

पेटीत एक हलगी, दोन खंजिऱ्या, वीस ओढण्या, दोन इलॅस्टिकची कडी, खडू आणि चित्रांची पत्ती. स्पीकर मुद्दाम नाही. हे सगळ्यात शहाणपणाचं आहे, कारण ओळखीचं गाणं लागलं की पोरांच्या अंगात त्या गाण्याचा हीरो शिरतो आणि पुढचा तास स्टेप आठवण्यात जातो. हलगीला शब्द नसतात. वेग कमी-जास्त करता येतो, थाप मध्येच तोडता येते. दादऱ्याच्या सहा आणि केहरव्याच्या आठ मात्रा वाजवल्या की पोरांची पावलं आपोआप वेगळी पडतात. आठचे तीन-तीन-दोन असे भाग करून टाळ्या घेतल्या तर पाचवीच्या अपूर्णांकांनाही त्याचा हात लागतो.

हलगी कातड्याची असेल तर श्रावणात सैल पडते, आवाज बसतो आणि मागच्या रांगेला थाप ऐकूच जात नाही. शेकोटी किंवा गॅसवर शेकायची तर आचेपासून हातभर दूर, फिरवत. नाही तर कातडं करपतं आणि कडेला फाटतं. पावसाळ्यात सिंथेटिक पानाची हलगी मागून घ्यावी. तिचा आवाज कोरडा असतो, पण भरवशाचा.

ओढण्या सिंथेटिक आहेत. त्या हवेत तरंगतात म्हणून वेगाच्या तासाला छान, पण पायाखाली आल्या की पोरगं घसरतं. निम्म्या तरी सुती हव्यात. इलॅस्टिकचं कडं आठ पोरांनी मिळून धरायचं असतं. त्याची शिवण दर महिन्याला ओढून पाहावी, आणि 'मध्येच सोडायचं नाही' हा नियम पहिल्यांदा ठणकावून सांगावा. सुटलेलं इलॅस्टिक समोरच्याच्या डोळ्यावर बसतं.

तक्रार वेगळीच आहे. बहुतेक शाळांच्या क्रीडा साहित्याच्या खोलीत पंचवीस-तीस लेझिमी गंजत पडलेल्या असतात आणि ही मंडळी तिकडे बघतही नाहीत. त्यांचं म्हणणं, लेझीम म्हणजे कवायत. ते अर्धंच खरं. चार आवाज, एक जगा, आदि लगाव, पवित्रा हे हात बसले की तोच पवित्रा अर्ध्या वेगात किंवा आवाज न करता करायला सांगता येतो. साखळी न वाजवता लेझीम फिरवणं हा ओघावर ताबा ठेवण्याचा इतका अवघड सराव आहे की आठवीची दांडगी पोरंही घाम पुसतात. फक्त वापरण्याआधी दांड्याला चिरा नाहीत ना, साखळीचं टोक धरणारा खिळा बाहेर आला नाही ना आणि चकत्यांच्या कडा धारदार झाल्या नाहीत ना, एवढं बघून घ्यायचं. टिपऱ्यांचंही तेच. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गावोगाव मुली गुलाबाईची गाणी म्हणतात, टिपऱ्या घरात असतात, ताल अंगात असतो. त्या महिन्यात बाहेरून ओढण्या आणून नाच शिकवणं म्हणजे विहिरीच्या काठावर बाटलीबंद पाणी विकणं.

डोंगरातला नाच आणि स्टेजवरचा

याच बाबतीत सेवेचं एक काम मात्र मनापासून आवडण्यासारखं आहे. गॅदरिंगमध्ये 'आदिवासी डान्स' म्हणून जे चालतं ते सगळ्यांनी पाहिलंय: पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, हातात भाले, 'झिंगा' छापाचं गाणं. पावरा आणि भिल्ल मुलं त्याच वर्गात बसलेली असताना हे होतं. या सेवेने ते करायला साफ नकार दिला आहे आणि तसं करारात लिहिलंही आहे.

सातपुड्यात होळीला जे बावा आणि बुध्या नाचतात त्यांच्या अंगावरचे राखेचे ठिपके, कमरेचे वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावरचा मोरपिसांचा टोप हा ड्रेस नाही. तो नवस आहे. होळीच्या दिवसांत पाळायचे नियम त्याला जोडलेले आहेत. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला हे पाहायला लांबलांबून लोक जातात. ते दहा मिनिटांच्या कार्यक्रमासाठी भाड्याने आणायचं नसतं. साक्रीकडच्या डोंगऱ्यादेवाचंही तसंच. मार्गशीर्षातलं व्रत आहे ते, त्यातली पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजते ती देवासाठी.

मग शाळेत काय घ्यायचं? इथे सेवेची पद्धत सरळ आहे. गावातला ढोल वाजवणारा माणूस पैसे देऊन तासाला बोलवायचा, मानधन प्रशिक्षकाइतकंच. त्याच्याकडून फक्त पाऊल आणि ओळ शिकायची: एकमेकांच्या कमरेत हात घालून ओळीने सरकणं, ओळ वळताना आतल्याने आखूड आणि बाहेरच्याने लांब पाऊल टाकणं. इथे नेहमी एक चूक होते. वळणाच्या आतल्या टोकाचं पोरगंही बाहेरच्याएवढंच पाऊल टाकतं, ओळ मध्ये तुटते आणि बाहेरचा भाग फरफटतो. उपाय असा की आतलं पोरगं जवळजवळ जागच्या जागी पाय मारतं आणि बाकीची ओळ त्याच्याभोवती फिरते. वर्तुळाचा केंद्रबिंदू आणि त्रिज्या पायांनी कळते ती इथे. नवसाची गोष्ट ढोलवाले दादा स्वतः सांगतात, तेवढीच जेवढी त्यांना सांगायची आहे.

भाषेचं भानही बरं आहे. 'स्टॉप, फ्रीझ, डायग्नल' असल्या आज्ञा धडगावात चालत नाहीत हे त्यांना कळलंय. अमळनेर-पारोळ्याकडे प्रशिक्षक 'आठे ये, तठे जाय' म्हणतो तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेली पोरं पहिल्यांदा हलतात. पावरी आणि भिली बोलणारा प्रशिक्षक मात्र त्यांच्याकडे नाही. तिथे स्थानिक शिक्षकावर भिस्त ठेवतात, त्यात वेळ जातो.

माहितीपत्रकातले दावे

'नृत्याने गणित आणि वाचनाचे गुण वाढतात' असं पहिल्याच पानावर छापलंय. हे वाक्य त्यांनी काढून टाकावं. लोइस हेटलँड आणि एलन विनर यांनी 2000 साली कलाशिक्षणावरच्या संशोधनांचा मोठा आढावा घेतला. त्यात नाचाचा वाचनाच्या गुणांशी भरवशाचा संबंध निघाला नाही. आकृती आणि जागेच्या समजेला थोडा फायदा दिसला, पण त्यामागचे अभ्यास फार थोडे होते. दुसरा दावा तंदुरुस्तीचा. 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं मार्गदर्शन सांगतं. आठवड्याच्या एका तासात त्याची भरपाई होत नाही. खेळाचा तास कापून हा तास बसवणाऱ्या शाळांनी ते लक्षात ठेवावं.

नाचाचा तास घ्यायचा तो नाचासाठीच. थांबायच्या खुणेला थांबणं, दुसऱ्याला धक्का न लावता जागा करून देणं, आपल्या अंगाची लाज कमी होणं, न बोलता चार जणांनी मिळून काही ठरवणं, हे पंधरा तासांत डोळ्यांना दिसतं. धोरणाचा आधार लागत असेल तर तोही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांच्यात कडक भिंत नको म्हणतं. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला स्वतंत्र जागा आहे आणि नृत्य त्यात येतं. आपल्याकडे पहिली ते आठवीला 'कला' हा श्रेणीचा विषय आहेच. त्याची तासिका वेळापत्रकात असते आणि गणिताचा पोर्शन राहिला की पहिली तीच जाते. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. तुमच्या शाळेत तो असेल तर बाहेरची सेवा घेण्याआधी त्याला या तासात बसवा. पंधरा तास पाहून तो पुढे स्वतः घेऊ शकला तर 9,000 रुपये कायमचे वाचतात.

वर्गशिक्षकाने तासाला थांबणं सक्तीचं हवं. सेवेच्या करारात ते 'शक्य असल्यास' आहे, तिथे 'अनिवार्य' करून घ्यावं. प्रशिक्षकाची पोलीस चारित्र्य पडताळणी मागावी. अंगाला हात लावून दुरुस्ती करायची नाही, तोंडी सांगायचं किंवा स्वतःच्या अंगावर दाखवायचं, हा नियम या सेवेत पाळला जातो. मोबाईल मात्र खटकतो. तासाच्या शेवटी रील काढायची सवय एका प्रशिक्षकाला आहे. कॅमेरा समोर आला की पोरं लगेच पुढे-मागे अशी उभी राहतात, सातवी-आठवीच्या मुली ओढणी सावरत मागे सरकतात, आणि दहा आठवड्यांत आलेला मोकळेपणा तिथेच आटतो. पालकांच्या लेखी संमतीचा मुद्दा तर आहेच.

कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी एक साधी युक्ती त्यांच्याकडे आहे: हवा भरलेला फुगा दोन्ही हातांत छातीजवळ धरायचा, हलगीचा कंप फुग्यात जाणवतो. दगडी फरशीतून तो पायाला लागत नाही, म्हणून हा फुगा. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी वाटांचे तास नीट जमवतात, खालच्या पातळीच्या तासाला मात्र प्रशिक्षकांचं घोडं अडतं.

मूल्यमापनात सेवा सपशेल पडते. शेवटी सगळ्यांना 'उत्कृष्ट' लिहिलेलं रंगीत प्रमाणपत्र. आकारिक मूल्यमापनाच्या वहीत शिक्षकाला वर्णनात्मक नोंद लागते आणि त्या प्रमाणपत्रातून ती काढता येत नाही. 'तालावर अचूक थांबतो. खालच्या पातळीवर जायला कचरतो. जोडीत पुढाकार घेत नाही पण साथ उत्तम देतो' अशी दोन ओळींची नोंद पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या तासानंतर हवी. ती प्रशिक्षक आणि वर्गशिक्षकाने मिळून करावी. मागितली तर ते देतात, पण मागावी लागते.

एकूण पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कापला तो सिकलसेलच्या रकान्यासाठी, अर्धा प्रमाणपत्रासाठी आणि उरलेला अर्धा नोव्हेंबरात येणाऱ्या फोनसाठी. 'सर, एवढं शिकलेत पोरं, गॅदरिंगला एक गाणं बसवू ना, सवलतीत' असा तो फोन असतो. त्याला हो म्हटलं की अकराव्या तासापासून रचना थांबतात आणि सरळ रांगेत तालीम सुरू होते, चांगली बारा पोरं पुढे आणि बाकीची प्रेक्षक. गाणं हवंच असेल तर वेगळे पैसे, वेगळी वेळ आणि शक्यतो वेगळा माणूस.

ठरवण्याआधी एक तास नमुन्याचा मागावा, ते देतात. तो सर्वांत मोठ्या तुकडीला आणि दुपारच्या सत्रात घ्यायला लावावा. वीस मिनिटांनंतरही कितीजण भिंतीला टेकून आहेत ते मोजावं आणि प्रशिक्षकाने त्यांच्यासाठी काही बदललं का ते पाहावं.

नोंदणी जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी करावी. पंधरा तास सलग दिवाळीआधी बसतील असं सेवा सांगते, पण ते बसत नाहीत. पोळा, गणपती आणि सत्र परीक्षा धरल्या तर दहा-अकराच मिळतात. त्यापेक्षा आठ दिवाळीआधी, डिसेंबर पूर्ण मोकळा आणि उरलेले सात जानेवारीपासून, असा करार करावा. वार निवडताना गावचा आठवडे बाजार टाळावा, आणि सोमवारही नको. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार आला की निम्मा वर्ग गैरहजर असतो आणि तासाचे 600 रुपये मात्र लागू होतात.